देणगी मागता, तसं कामही मागा

प्रति,
मुंबई, ठाणे, पुणे आणि रायगड जिल्ह्यातल्या सर्व सिनेगॉगांचे विश्वस्त, मुकादम, गब्बाई (खजिनदार) आणि कारभारी मंडळी यांस,

सविनय शालोम.

नव्याचा सण, म्हणजे आपलं नववर्ष, जवळ आला की तुमची पत्रं घरोघर येऊ लागतात. कौलं फुटलीत, भिंतींना ओल आलीय, वायरिंग जुनं झालंय, दफनभूमीच्या कुंपणाचं काम अर्धवट राहिलंय. खाली खाते क्रमांक, हल्ली क्यूआर कोड. यातलं एकही कारण खोटं नसतं, हे मी मनापासून मानते. कोकणातला पाऊस कौलाचं आणि लाकडाचं काय करतो ते आपण सगळेच पाहतो, आणि अलिबागच्या मागेन अबोथपासून ठाण्याच्या शाआर हाशामाईमपर्यंत आपल्या बेने इस्रायल समाजाच्या बहुतेक वास्तू शंभर-दीडशे वर्षांच्या आहेत. त्यांना पैसा लागतो, लागणारच.

पण या पत्रांत एक ओळ मी अजून वाचलेली नाही : ‘आम्हाला अमुक कामाला अमुक वारी दोन माणसं हवीत, तुम्ही याल का?’ माझं सगळं म्हणणं या एका ओळीपुरतं आहे. देणगी मागता तसं आम्हाला कामही मागा. नावानिशी, दिवसानिशी मागा. आणि जे काही दिलं जातं, पैसा असो की वेळ, त्याचा हिशोब सगळ्यांपुढे ठेवा.

२०११ च्या जनगणनेत भारतभरात ज्यू म्हणून नोंद झाली ४,६५० जणांची, त्यांतले २,४६६ महाराष्ट्रातले. यात तान्ही बाळं आली, अंथरुणाला खिळलेले आजोबा आले, नोकरीपायी दूर राहणारे आले. एवढ्याशा लोकांवर इतक्या वास्तूंचा, इतक्या दफनभूमींचा आणि वर्षभराच्या सणावारांचा भार आहे. पैसा एक वेळ बाहेरूनही येईल. कुणी दानशूर देईल, एखादी कंपनी वास्तूच्या दुरुस्तीला हातभार लावेल. पण सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुषांचा मिन्यान लागतो. शनिवारी सकाळी नऊ पुरुष बाकांवर बसून दाराकडे बघत असतील, तर दहावा मात्र कुठूनही विकत आणता येत नाही.

आपल्या पूर्वजांनी ‘दिलं’ म्हणजे काय केलं, ते जरा आठवूया. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, मांडवीचं शाआर हाराहामिम, म्हणजे आपली जुनी मशीद, १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी बांधलं. टिपू सुलतानाच्या कैदेतून जिवंत सुटून आले, त्याची कृतज्ञता म्हणून बांधलं असं परंपरा सांगते. भिंती उभ्या केल्या आणि पैसे देऊन मोकळे झाले, असं त्यांनी केलं नाही. सेफेर तोरा, म्हणजे तोरेची हस्तलिखित गुंडाळी, आणायला ते स्वतः कोचीनला गेले आणि तिकडेच वारले. पुढे १८७५ साली हाईम सॅम्युएल केहिमकरांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी इस्रायली शाळा काढली, तीच आज माझगावची सर एली कदूरी शाळा. बाहेरून मदत आली ती नंतर, आधी आपल्या माणसांनी आपले दिवस त्यात घातले.

त्याहून मागे जायचं तर शेमोतच्या (निर्गमाच्या) पुस्तकापर्यंत जाता येईल. निवासमंडप उभारायचा होता तेव्हा दोन तऱ्हांनी देणं झालं. एक अर्धा शेकेल. तो वीस वर्षांवरच्या प्रत्येकाने द्यायचा, श्रीमंताने जास्त नाही आणि गरिबाने कमी नाही. त्या चांदीतून मंडपाच्या फळ्यांखालच्या बैठका ओतल्या गेल्या. बाकी सगळं स्वखुशीचं. कुणी सोनं आणलं, कुणी कातडी, कुणी लाकूड, आणि ज्या स्त्रियांच्या हातात कसब होतं त्यांनी सूत कातून आणलं. शेवटी कारागीरच मोशेकडे आले, म्हणाले गरजेपेक्षा जास्त येतंय, आणि मोशेने छावणीत दवंडी पिटवून देणं थांबवायला लावलं.

यातली एक बाजू आपण पक्की धरली आणि दुसरी सोडून दिली, असं मला वाटतं. सोनं आणि चांदी लक्षात राहिली, सूत कातणाऱ्या बायका राहिल्या नाहीत. सभासद वर्गणीचंही तेच. वर्गणी सगळ्यांना सारखी आणि सगळ्यांना झेपेल इतकीच हवी, म्हणजे पाया सर्वांच्या नावावर राहील. त्यापुढे ज्याला जे देता येईल ते. काही ठिकाणी वर्गणी थकली म्हणून सभासदत्व गेलं आणि मग ते घर सणालाही येईनासं झालं, असं मी जवळून पाहिलंय. रक्कम किरकोळ होती. त्या घरात दोन तरुण मुलगे होते. विश्वस्तांनी त्यांच्या दारात जाऊन ‘वर्गणीचं राहू द्या, पोरांना शनिवारी पाठवा’ एवढं म्हटलं असतं तर मिन्यानला दोन माणसं मिळाली असती.

आता नेदाबाबद्दल, म्हणजे सिनेगॉगमध्ये तोंडी बोललेल्या देणगीबद्दल. ज्यांना आपल्या चालीरीती ठाऊक नाहीत अशा मराठी वाचकांसाठी दोन शब्द लिहिते. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, आम्ही पैशाला हात लावत नाही आणि लेखणीलाही नाही. तोरा वाचायला ज्याला बोलावलं जातं तो तिथेच तोंडी सांगतो, की मी इतकं देईन. हज्जान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, त्याच्या नावाने आशीर्वाद म्हणतो. पैसे मागाहून, आठवड्यात कधीतरी पोचवायचे. सिम्हाथ तोराच्या सणाला हेखाल, म्हणजे तोरेचं कपाट, उघडण्याचा, सेफेर तोरा हातात घेऊन चालण्याचा मान बोलीवरही जातो, आणि त्या वेळी सिनेगॉगमध्ये जो उत्साह असतो तो मला फार आवडतो. हे बंद करा असं मी मुळीच म्हणत नाही.

पण त्या बाकांवर बसलेला रिक्षावाला किंवा नुकती नोकरी गेलेला माणूस काय बोलणार? शेजारच्याने पाच हजार म्हटल्यावर त्याने एकशे एक कसं म्हणावं? हळूहळू असा माणूस तोरा वाचायला बोलावलं जाऊ नये म्हणून मागच्या बाकावर बसू लागतो, आणि मग घरीच राहतो. म्हणून माझी सूचना अशी, की नेदाबात कामही बोलता यावं. ‘येत्या महिन्यात चार शनिवार मिन्यानला वेळेवर येईन.’ ‘किप्पूरच्या उपासाआधी सगळे दिवे घासून देईन.’ ‘म्हाताऱ्या मंडळींना सणाला घरून घेऊन येईन आणि पोचवीन.’ हे हज्जानने पैशाच्या नेदाबाइतक्याच मानाने उच्चारावं, तोच आशीर्वाद म्हणावा. बोललेलं निभावलं नाही तर नवस मोडल्याचा दोष लागेल, ही भीती आपल्या लोकांना खरीच असते. त्यावरही आपल्या धर्मात सोय आहे : आधी ‘बली नेदेर’ म्हणावं, म्हणजे तो शब्द राहतो आणि नवस होत नाही. रविवारी सकाळी कुणी तरी एकाने बसून शनिवारचं सगळं तोंडी बोलणं वहीत उतरवावं. आज ते गब्बाईंच्या स्मरणशक्तीवर चालतं, आणि गब्बाईही आता सत्तरीचे झालेत.

मिन्यानसाठी यादी करायला काय अडचण आहे, हे मला खरंच समजत नाही. आईच्या किंवा वडिलांच्या स्मृतिदिनी कद्दिश ही प्रार्थना म्हणायला मुलगा विरारहून लोकल बदलून येतो, आणि दहा पुरुष जमले नाहीत म्हणून कद्दिश न म्हणताच परत जातो. त्याच्या मनाला काय होत असेल? त्याच शहरात तेरा वर्षांवरची पन्नास मुलं-माणसं त्या सकाळी घरी झोपलेली असतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना कुणी सांगितलंच नसतं, की आज तुझी गरज आहे. दर महिन्याला कुणाच्या घरी कोणत्या तारखेला कद्दिश आहे याचा तक्ता लावा. त्यापुढे दहा रिकाम्या जागा ठेवा आणि नावं भरून घ्या. शुक्रवारी दुपारी, शब्बाथ लागण्याच्या आत, एकेकाला फोन करायला एखादी मुलगी नेमा. ग्रुपवर ‘सर्वांनी मोठ्या संख्येने उपस्थित राहावे’ असं टाकल्याने कुणी येत नाही, कारण ‘सर्वांनी’मध्ये आपण आहोत असं कुणालाच वाटत नाही.

दिव्यांचं काम मला फार जवळचं. आपल्या जुन्या सिनेगॉगांत छताला साखळ्यांनी लटकलेले काचेचे दिवे आहेत : खाली पाणी, वर तेलाचा थर, त्यावर तरंगती वात. आपण मुळात शनिवार तेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, तेव्हा तेल देणं ही आपली सगळ्यात सहज सुचणारी देणगी. गेलेल्या माणसाच्या नावाने तेलाचा डबा देणारी घरं आजही आहेत. पण डबा कोपऱ्यात राहतो आणि दिवे विझलेले, कारण शिडी लावून पेले उतरवायचे, आतली चिकट काजळी गरम पाण्याने आणि साबणाने काढायची, काच तडकलेली आहे का ते उजेडात धरून बघायचं, वाती वळायच्या, आणि हे सगळं शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत उरकायचं, याला माणूस नाही. एकटा शामाश, म्हणजे सिनेगॉगचा सेवक, किती करणार? त्याला पगार किती मिळतो, हेही विश्वस्तांनी एकदा मोठ्याने सांगावं. चौदा-पंधरा वर्षांची पोरं हे काम आनंदाने करतील. एकदा हाताने दिवा घासलेला मुलगा पुढे त्या वास्तूला परका राहत नाही.

हेव्रा कदिशाबद्दल, म्हणजे अंत्यविधी करणाऱ्या मंडळाबद्दल, लिहिताना हात जड होतो, पण लिहायलाच हवं. मृताला स्नान घालणं, तहारा (शुद्धी) करणं, पांढऱ्या सुती कापडाचं कफन शिवणं, त्याला खिसा नाही, गाठ नाही. पुरुषाचं पुरुषांनी करायचं, स्त्रीचं स्त्रियांनी. आपल्या धर्मात ही सर्वांत निखळ सेवा मानली आहे, कारण जिची सेवा केली ती व्यक्ती तिची परतफेड कधीच करू शकत नाही. आज स्त्रियांच्या बाजूला हे जाणणाऱ्या किती जणी उरल्यात? बहुतेक साठीच्या पुढच्या. दफन शक्यतो त्याच दिवशी करायचं असतं, मुंबईत एका टोकाहून वरळीच्या दफनभूमीपर्यंत पोचायलाच दोन तास जातात, आणि ऐन वेळी फोनवर फोन चालू होतात. तरुण मुलींना शिकवायची व्यवस्था करा. सुरुवातीला त्यांनी नुसतं कफन शिवायला बसावं, पाणी आणून द्यावं, दाराबाहेर थेहिलीम (स्तोत्रं) म्हणावं. एकदम आत या असं कुणी कुणाला म्हणू नये. माझ्या ओळखीच्या दोघी-तिघी तयार आहेत. त्यांनी एका मंडळाला तसं कळवलंही होतं. उत्तर आलं नाही.

आजाऱ्याला भेटायला जाणाराने त्याच्या दुखण्याचा साठावा हिस्सा नेला असं तालमुदमध्ये म्हटलंय. आपल्याकडे मुलं अश्दोदला किंवा बेरशेबाला आणि आईबाप ठाण्यात किंवा नागपाड्यात, अशी घरं कितीतरी आहेत. व्हिडिओ कॉल होतो, पण औषधाची पुडी कोण आणणार, बँकेत हयातीचा दाखला द्यायला सोबत कोण जाणार? या कामासाठी काहीही उभारावं लागत नाही. प्रत्येक सिनेगॉगने आपल्या हद्दीतल्या एकट्या ज्येष्ठांची यादी करावी आणि दोन-दोन घरं एकेका कुटुंबाला जोडून द्यावीत, एवढंच.

स्त्रियांविषयी मला स्पष्ट बोलू द्या. मिन्यानमध्ये आमची गणती होत नाही. ती आमची परंपरा आहे आणि या पत्राचा तो विषय नाही. पण हिशोब, पत्रव्यवहार, मुलांचे हिब्रूचे वर्ग, पाहुण्यांची व्यवस्था, सरकारी कचेऱ्या, यांतलं काहीच दहा पुरुषांवर अडलेलं नाही. आपल्या समाजात शंभराहून जास्त वर्षांपूर्वी स्त्रीमंडळ उभं राहिलं. कामा हॉस्पिटलसारख्या रुग्णालयाची धुरा सांभाळणाऱ्या डॉ. जेरुशा झिराड आपल्यातल्याच. त्या समाजात आजही मलिद्याचं ताट लावायला बायका आणि विश्वस्तांच्या खुर्च्यांवर पुरुष, ही वाटणी अजून किती दिवस चालणार? मलिदा करायला आम्हाला आनंदच आहे. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं, आणि एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, नाव. तो आमच्या हातचाच असू दे. पण प्रत्येक कारभारी मंडळात निदान दोन स्त्रिया घ्या, आणि त्यांना सरबताचं खातं देऊ नका.

आता दफनभूमी. नवगावला, जिथे आपल्या पूर्वजांच्या सात जोडप्यांची नाव फुटली असं आपण मानतो, तिथपासून रायगडभर आपल्या जुन्या कबरी विखुरल्या आहेत. काही गावांत आता आपलं एकही घर नाही, आणि कबरींवर लक्ष ठेवतात ते शेजारचे कोळी, आगरी, मुसलमान. त्यांचे आभार आपण कधी नीट मानलेत का? दगडांवर वर हिब्रू आणि खाली मराठी अक्षरं आहेत, नाव, गाव, तारीख. दर पावसाळ्यात एकेक अक्षर पुसट होतंय. कुंपणाला पैसे लागतील हे कबूल, पण नोंदी करायला फक्त माणसं लागतात. दिवाळीनंतर गवत वाळलं की वीस जणांची एक बस काढा. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. ॲसिड नको, तारेचा ब्रश नको, अक्षरांवर ऑइलपेंट तर नकोच नको. हौसेने रंगवलेल्या दगडावर चुकीचं अक्षर कायमचं बसतं. फोटो काढायचा तो सकाळी लवकर किंवा उन्हं उतरताना, उजेड तिरपा पडतो तेव्हा. दुपारी न दिसणारी ओळ त्या वेळी वाचता येते. एकाने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं, तिसऱ्याने कबर नकाशावर मांडायची. हिब्रू न येणारासुद्धा यात उपयोगी आहे, कारण खालची मराठी त्याला वाचता येते.

या कामात इस्रायलमधल्या आपल्या माणसांना ओढा. त्यांना द्यायचं असतं, फार मनापासून द्यायचं असतं. आजोबांच्या गावाचं सिनेगॉग पाहून ते रडतात आणि खिशातून नोटा काढतात. इथे तुम्ही सावध राहायला हवं. जो आता इस्रायली नागरिक आहे त्याने दिलेला पैसा कायद्याने परकीय देणगी ठरतो, मग तो रोख असो की भारतीय नातेवाइकाच्या हातून आलेला असो. त्यासाठीची सरकारी नोंदणी नसलेल्या न्यासाला तो घेता येत नाही, आणि नोंदणी असेल तरी तो नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत उघडलेल्या खात्यातच घ्यावा लागतो. भारतीय पासपोर्टवर परदेशी राहणाऱ्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेल्या पैशाची गोष्ट वेगळी. ‘आपलीच माणसं आहेत, काय होतंय’ म्हणून पाकीट घेऊ नका. त्यात सगळ्या न्यासाचं नुकसान आहे. पण त्यांच्याकडे पैशाहून मोलाचं बरंच काही आहे. तिकडच्या कपाटांत इथल्या लग्नांचे फोटो आहेत, केतुबा (विवाहपत्रं) आहेत, जुन्या मराठी हागादा (पेसाहच्या पोथ्या) आहेत, आणि ऐंशी वर्षांच्या आजींच्या गळ्यात त्या चाली आहेत ज्या इथल्या तरुण हज्जानांना आता पाठ नाहीत. एक मुलगा मोबाइल घेऊन आठवड्यातून तासभर फोनवर बसला तरी ते जपता येईल. कुठल्या कबरीत कोण आहे हेही अनेकदा त्यांनाच माहीत असतं.

हिशोबाबद्दल मी जरा अधिकाराने बोलू शकते, कारण माझी सगळी नोकरी बँकेत गेली. आपल्या शास्त्राची यावरची शिस्त आजच्या कुठल्याही कायद्यापेक्षा सौम्य नाही. मिश्ना सांगते, की गावाची दानपेटी दोघांनी मिळून गोळा करायची आणि तिघांनी मिळून वाटायची. एकट्याच्या हाती काही नाही, तो कितीही सज्जन असो. मग आज एकाच माणसाकडे पेटीची किल्ली, चेकबुक आणि पावतीपुस्तक का असावं? महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० सालचा आहे. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे बदल अहवाल द्यावा लागतो, हिशोब तपासून घ्यावे लागतात, आणि न्यासाची जमीन विकायची तर आयुक्तांची आधी परवानगी लागते. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. बदल अहवाल वर्षानुवर्षं पडून राहिले, तंटे झाले, आणि कागदोपत्री विश्वस्त कोण हेच ठरेना, अशी गत झाली की दुरुस्तीचे पैसे बँकेत अडकून पडतात. म्हणून कायद्याच्या कामाला समाजातले वकील आणि सीए यांना मागा. वर्षातले त्यांचे चार दिवस एखाद्या मोठ्या देणगीइतके मोलाचे आहेत.

पावतीवर प्राप्तिकराच्या सवलतीचं खोटं आश्वासन देऊ नका. एकाच धर्मसमाजासाठी असलेल्या न्यासाला ती सहसा मिळत नाही. ऐतिहासिक महत्त्वाच्या अधिसूचित प्रार्थनास्थळाच्या दुरुस्तीसाठी कायद्यात वेगळी वाट आहे, ती आपल्या कुठल्या वास्तूला लागू करून घेता येईल हे जाणकाराला विचारा. आणि दर तीन महिन्यांनी एक साधा कागद सिनेगॉगच्या दारात लावा : किती आले, कशावर गेले, किती उरले, कुणी किती तास काम केलं. मराठीत लावा.

देणं फक्त आपल्यापुरतं नव्हतं, हेही विसरू नये. किप्पूरच्या दुसऱ्या दिवशी आपला शिळा सण. त्या दिवशी गरिबांना दान देण्याची आपली जुनी चाल, आणि दान घेणारा कुठल्या धर्माचा हे त्यात कधी विचारलं जात नसे. नवसाने वाढवलेले मुलाचे केस उतरवले की त्यांच्या भारोभार पैसे धर्मादायात टाकायचे, हीही आपल्याच आजी-पणजींची रीत. आज कदूरी शाळेत शिकणारी मुलं बहुतांशी मुसलमान घरांतली आहेत आणि मला त्याचा अभिमान वाटतो. शिळ्या सणाला आपली पोरं शेजारच्या वस्तीत, हॉस्पिटलात गेली पाहिजेत. २६ नोव्हेंबर २००८ नंतर आपल्या दारांवर पोलीस आले, ते गरजेचं आहे. पण बंदोबस्ताच्या शेजारी आपलाही एक माणूस उभा असावा, पाहुण्याला ओळखणारा, शाळेच्या सहलीला आत नेऊन हेखाल आणि तेबा म्हणजे काय ते मराठीत समजावून सांगणारा. इतर धर्मांचे वास्तुशास्त्राचे विद्यार्थी, छायाचित्रकार, इतिहासाचे शिक्षक आपल्याला मदत करायला तयार असतात. त्यांना परवानगीच्या अर्जावर महिनोन् महिने ताटकळत ठेवू नका.

मध्ययुगातले आपले धर्मशास्त्री राम्बाम यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सर्वांत वरची पायरी अशी, की माणसाला उसनं द्यावं, भागीदारीत घ्यावं किंवा काम मिळवून द्यावं, म्हणजे त्याला पुन्हा हात पसरावा लागणार नाही. त्याखालची, देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एकमेकांचं नाव ठाऊक नसावं. आपण पेसाहच्या, म्हणजे वल्हांडणाच्या, आधी बिनखमीर भाकरी आणि किराणा वाटतो, ते हवंच, पण रांगेत उभं करून फोटो काढून वाटू नका. घरपोच द्या. आणि रेल्वेत, बँकेत, पोस्टात, शाळांत आयुष्य घालवलेली आपली निवृत्त मंडळी घरोघर बसलेली आहेत. त्यांनी महिन्यातून दोन रविवार सिनेगॉगच्या आवारात बसून मुलांना अर्ज भरायला, मुलाखतीला, शिष्यवृत्तीला मदत करावी. २०१६ साली राज्य सरकारने आपल्याला अल्पसंख्याक दर्जा दिला. त्याचा उपयोग करून घ्यायचा कसा, हे कळत नसलेली घरं अजून खूप आहेत. जामीन न मागता आणि व्याज न घेता दिलेलं छोटं कर्ज एखाद्याची शिलाई मशीन किंवा रिक्षाचं परमिट सोडवू शकतं. हा निधी उभारायचा ठरला तर त्यासाठी मात्र मी पैशाचीच देणगी देईन, आणि दोघांनी गोळा करून तिघांनी वाटलेली असेल तर दरवर्षी देईन.

तेव्हा विनंती अशी. येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर ‘सेवाकार्याची नोंदवही’ असा विषय घ्या. सभेच्या आधी प्रत्येक सिनेगॉगने आपल्या गरजेच्या दहा कामांची यादी लावावी : काम कोणतं, कोणत्या दिवशी, किती वेळ, कुणाला भेटायचं. ‘कुणाला भेटायचं’ याच्यापुढे एका माणसाचं नाव आणि फोन हवा, ‘कार्यालयात संपर्क साधावा’ असं नको, कारण बऱ्याच ठिकाणी कार्यालय म्हणजे एक कुलूपबंद कपाट आहे. यादीत निदान एक काम असं असावं, की जे आजारी माणसाला घरबसल्या करता येईल, आणि एक असं, की जे बारा वर्षांच्या मुलीला जमेल. सेवेचा शब्द दिलेल्याला चार दिवसांत उत्तर मिळेल असं ठरावात लिहून घ्या.

रविवारी सकाळी नेदाबाची वही लिहायचं आणि तिमाही हिशोबाचा कागद तयार करायचं काम मी ठाण्यात करायला तयार आहे. मुंबईतल्या कुणा मंडळाला ते शिकून घ्यायचं असेल तर मी तिथेही येईन. कफन शिवायला शिकायची तयारी असलेल्या मुलींची नावंही माझ्याकडे आहेत. ती मी मंडळाच्या बैठकीतच देईन.

आपली नम्र,
ठाण्यातली एक सभासद